काय धरले, काय सोडले

अकरावीच्या मुलांची जर्नल्स तपासताना एक गोष्ट माझ्या लक्षात यायला बरीच वर्षे जावी लागली, याचे मला आजही वाईट वाटते. उष्णतेच्या प्रयोगात पाणी उकळताना त्याचे तापमान नोंदवायचे असते, आणि वर्गातल्या यच्चयावत जर्नलमध्ये ते १०० अंश सेल्सिअस असे लिहिलेले असायचे. मी त्यावर बरोबरची खूण करून सही करत असे. पुण्यात पाणी १०० अंशांना उकळत नाही. आपले शहर समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचीवर आहे, इथे हवेचा दाब मुंबईपेक्षा कमी असतो आणि त्यामुळे उघड्या भांड्यातले पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळू लागते. तापमापी तेच दाखवत होती. मुले डोळ्यांनी ९८ वाचत होती आणि हाताने १०० लिहीत होती, कारण पुस्तकात १०० होते.

एका वर्षी एक मुलगा माझ्या टेबलाशी येऊन म्हणाला, "मॅडम, आमचा थर्मामीटर अठ्ठ्याण्णवच्या पुढे जातच नाही." मी कपाटातून त्याला दुसरा काढून दिला. पाच मिनिटांनी तो परत आला. दुसराही अठ्ठ्याण्णवलाच थांबत होता. तास संपत आला होता, बाहेर पुढची बॅच उभी होती. "जुने झालेत सगळे, शंभर लिही," असे मी त्याला सांगितले आणि त्याने निमूटपणे शंभर लिहिले. भौतिकशास्त्र ज्या क्षणी त्या मुलाच्या हातात आले होते, त्याच क्षणी मी ते त्याच्या हातातून काढून घेतले होते. घरी आल्यावर, स्वयंपाकघरात चहाचे आधण ठेवताना, मला हे उमगले. दुसऱ्या दिवशी त्याला शोधून मी ते बोलून दाखवले, पण वहीतला आकडा बदलणे आणि मनातली सवय बदलणे यांत फार अंतर असते.

पुढच्या वर्षीपासून मी तो प्रयोग उलटा सुरू केला. तापमापी आधी वितळत्या बर्फात घालायची. तिथे तिने शून्य दाखवले, तर तिच्यात दोष असल्याचा संशय बराचसा मिटतो. मग ती उकळत्या पाण्यात घालायची आणि जे दिसेल तेच लिहायचे. वर्गात एकदम गलबला होतो. कोणी पाण्यातल्या क्षारांना दोष देतो, पण क्षार विरघळल्याने उत्कलनबिंदू चढतो, उतरत नाही. कोणी म्हणतो की पाणी नीट उकळलेच नव्हते. अखेरीस कोणाला तरी प्रेशर कुकर आठवतो: दाब वाढला की तापमान वाढते, मग दाब कमी झाला तर? एका वर्षी चार मुले रविवारी तापमापी कापडात गुंडाळून सिंहगडावर गेली आणि पिठलं-भाकरीच्या झोपडीतल्या मावशींची परवानगी काढून त्यांनी ती चुलीवरच्या आधणात धरली. साडेपंच्याण्णव. गड सुमारे १,३०० मीटर उंच आहे, म्हणजे शहरापेक्षा साधारण साडेसातशे मीटरने वर, आणि दर तीनशे मीटरला सुमारे एक अंश हा हिशेब त्यांना तिथेच जमिनीवर काडीने मांडता आला. मावशी त्यांना म्हणाल्या, "म्हणून तर इथं डाळीला वेळ लागतो." तो आकडा मुले विसरतील, पण जे दिसले ते लिहायचे आणि का दिसले ते विचारायचे, हे त्यांच्या अंगी थोडे तरी मुरले असावे असे मला मनापासून वाटते.

हे सगळे आठवायचे कारण असे की, विचार करण्याची सवय म्हणजे नेमके काय आणि ती वर्गात कशी लावायची, हा प्रश्न मला इतकी वर्षे सोडत नाही. माझे उत्तर अगदी छोट्या जागी येऊन थांबते. आपल्या पुस्तकांतल्या उदाहरणांमध्ये एक वाक्य हमखास असते: "घर्षण नगण्य आहे असे माना." कधी ते "हवेचा विरोध विचारात घेऊ नका" असे येते, तर कधी "दोरी वस्तुमानरहित आहे" असे. या वाक्यांशी माझे भांडण नाही. हवेला बाजूला ठेवल्याशिवाय गॅलिलिओलाही वस्तूंच्या पतनाचा नियम दिसला नसता. पण काय बाजूला ठेवायचे, हे त्याने स्वतः ठरवले होते. उतरणीवरून गोळे सोडून, पुन्हा पुन्हा मोजून, मग ठरवले होते. आमच्या विद्यार्थ्याला हा निर्णय उदाहरणाच्या पहिल्याच ओळीत तयार करून दिलेला असतो. अकरावी-बारावीच्या दोन वर्षांत तो शेकडो उदाहरणे सोडवतो आणि भौतिकशास्त्रातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय, म्हणजे काय धरायचे आणि काय सोडायचे, एकदाही घेत नाही. माझी सारी तक्रार एवढीच आहे.

१९८१ मध्ये मिशेलिन ची, पॉल फेल्टोविच आणि रॉबर्ट ग्लेझर यांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. त्यांनी भौतिकशास्त्रातली उदाहरणे नवशिक्या आणि जाणत्या अशा दोन गटांना देऊन त्यांची वर्गवारी करायला सांगितली. नवशिक्यांनी ती दिसण्यावरून लावली, उताराची एका बाजूला आणि स्प्रिंगची दुसऱ्या बाजूला. जाणत्यांनी मात्र तत्त्वावरून लावली, म्हणजे ऊर्जेच्या अक्षय्यतेने सुटणारी एकत्र, मग त्यांत उतार असो वा स्प्रिंग. मी हे वाचले तेव्हा मला माझा वर्गच डोळ्यांसमोर दिसला. आमची मुले "उताराचं गणित", "कप्पीचं गणित", "लिफ्टचं गणित" असेच तर म्हणतात! लिफ्ट दिसली की एक सूत्र, कप्पी दिसली की दुसरे. तत्त्वापर्यंत जाण्याची त्यांना गरजच पडत नाही, कारण परीक्षेतला उतार दरवर्षी तसाच असतो.

यावर उपाय म्हणून अनेक ठिकाणी "प्रत्यक्ष जीवनातील उदाहरणे" द्यायची पद्धत पडली आहे, आणि त्याबाबत मला स्पष्टच बोलावेसे वाटते. "एक वस्तू" काढून तिथे "स्वारगेटहून कात्रजकडे निघालेली पीएमपीची बस" असे लिहिले, म्हणून उदाहरण खरे होत नाही. बसचा वेग दिलेला, त्वरण दिलेले, घर्षण नगण्य. मग ती बस स्वारगेटची काय आणि चंद्रावरची काय. उदाहरण खरे होते ते त्यातल्या अनिश्चिततेमुळे. १९९२ मध्ये मिनेसोटा विद्यापीठातल्या पॅट्रिशिया हेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गटाने सोडवायच्या प्रश्नांचा जो प्रकार मांडला, त्यात ही समज मला दिसली. ते प्रश्न छोट्या गोष्टीसारखे असतात, त्यांत सोडवणारा स्वतः एक पात्र असतो, आकृती दिलेली नसते, काही माहिती जास्तीची असते आणि काही गरजेची माहिती मुद्दाम दिलेली नसते. ती कमतरता भरून काढताना जे घडते, त्यालाच मी विचार म्हणते.

पुण्याने आम्हाला असे प्रश्न हवे तितके दिले आहेत. त्यांतला एक देताना मन जड होते, तरी मी तो दरवर्षी देते. मुंबई-बंगळूर महामार्गावर कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलाकडे येणारा उतार आमच्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे. तिथे अवजड वाहनांचे ताबा सुटून अपघात होतात. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये तर एकाच वेळी चाळीसहून अधिक गाड्यांचे नुकसान झाले. मी फळ्यावर फक्त एवढेच लिहिते: "भरलेला ट्रक या उतारावरून ब्रेक लावत खाली येतो. ब्रेक का निकामी होतात?" आकडा एकही देत नाही.

पहिली दहा मिनिटे वर्ग अस्वस्थ असतो. "मॅडम, वस्तुमान किती?" असा प्रश्न येतो आणि मी "तुम्हीच ठरवा" म्हणते. मग कोणी पंधरा टन म्हणतो, कोणी पन्नास. वाद होऊन भरलेला ट्रक तीस टनांचा धरला जातो. उतार चार किलोमीटरचा धरतात आणि उंचीतला फरक, खरा आकडा हाती येईपर्यंत, शंभर मीटर. यानंतर बहुतेकांचे हात सवयीने एकाच सूत्राकडे जातात. स्थितिज ऊर्जेची गतिज ऊर्जा होते, म्हणून तळाशी वेग दोन गुणिले दहा गुणिले शंभरचे वर्गमूळ, म्हणजे सेकंदाला पंचेचाळीस मीटर, ताशी १६० किलोमीटर. उत्तर आले, खाली दोन रेघा मारल्या.

गेल्या वर्षी मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "इतक्या वेगानं ट्रक जातच नाही." तिचे वडील ट्रक चालवतात, हे वर्गात कोणाला माहीत नव्हते, मलाही नव्हते. तिच्या त्या एका वाक्याने घर्षण परत वर्गात आले. रस्त्यावर घरंगळणाऱ्या टायरचा विरोध वजनाच्या साधारण एक टक्का धरला, तर चार किलोमीटरांत तो चाळीस मीटर उतार खाऊन टाकतो. उरले साठ मीटर, वेग आला ताशी सव्वाशे, आणि हवेचा विरोध धरला की त्याहूनही कमी. म्हणजे घर्षण सोडले की वेगाचे उत्तर पार चुकते. मग सोडावे कधी? हा प्रश्न मुलांनीच विचारला, आणि त्यासाठी मी कितीही तास द्यायला तयार असते.

पण माझा प्रश्न वेगाचा नव्हताच, ब्रेकचा होता. वेग वाढू न देता शंभर मीटर उतरायचे, तर तीस टनांच्या ट्रकची तीन कोटी जूल ऊर्जा कुठेतरी गेली पाहिजे. ताशी ७२ किलोमीटरने धावणारा हाच ट्रक एकदा पूर्ण थांबवायला साठ लाख जूल लागतात; म्हणजे हा उतार उतरणे हे लागोपाठ पाच वेळा करकचून थांबण्यासारखे आहे, आणि मध्ये गार व्हायला वेळ नाही. सगळ्या ब्रेक ड्रमचे मिळून लोखंड चारशे किलो धरले आणि सगळी उष्णता त्यातच राहिली असे मानले, तर त्याचे तापमान दीडशे अंशांनी वाढते. निम्मेच ब्रेक नीट लागत असतील, तर तीनशेने; आणि इतके तापलेले ब्रेक पकड सोडू लागतात. इथे टायरचा विरोध धरला तर उष्णता कमी होते, म्हणून सुरक्षिततेच्या बाजूने राहायचे तर तो सोडावा, असे एका गटाने ठरवले. त्याच वर्गात, त्याच तासात, वेगाच्या प्रश्नासाठी घर्षण धरले गेले आणि ब्रेकच्या प्रश्नासाठी सोडले गेले, आणि दोन्ही वेळा त्यामागचे कारण मुलांनी दिले.

दुसऱ्या दिवशी ती मुलगी वडिलांशी बोलून आली होती. "पप्पा म्हणतात, ज्या गिअरमध्ये चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचं," तिने वर्गाला सांगितले. काही चालक डिझेल वाचवायला उतारावर गाडी न्यूट्रल करतात किंवा इंजिन बंद करतात, हेही तिने सांगितले. गिअरमध्ये असलेले इंजिन गाडीला मागे ओढून धरते आणि ऊर्जेचा मोठा वाटा आपल्याकडे घेते; न्यूट्रलमध्ये तो सगळा भार ब्रेकवर पडतो; आणि इंजिनच बंद केले, तर एअर ब्रेकला हवा पुरवणारा कॉम्प्रेसरही थांबतो. तिच्या वडिलांचा नियम आमच्या फळ्यावरच्या हिशेबात जसाच्या तसा बसला. तो बसताना पाहून तिच्या चेहऱ्यावर जे उमटले, ते मी शब्दांत पकडू शकत नाही. त्या वर्षी ती पहिल्यांदाच वर्गात बोलली होती.

पावसाळ्यातला प्रश्न नदीचा असतो. पुण्यातल्या मुलाला क्युसेक हा शब्द बातम्यांतून पाठ असतो, पण तो शब्द किती मोठा आहे, हे त्याने कधी पाहिलेले नसते. २०२४ च्या जुलैअखेर खडकवासला धरणातून ३५ हजार क्युसेकहून अधिक विसर्ग झाला आणि सिंहगड रस्त्याच्या कडेच्या सोसायट्यांत पाणी शिरले. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, आणि एक घनफूट म्हणजे सव्वाअठ्ठावीस लिटर. म्हणजे दर सेकंदाला सुमारे दहा लाख लिटर, दहा हजार लिटरचे शंभर टँकर. असा विसर्ग आठ तास चालला की एक टीएमसी, म्हणजे शंभर कोटी घनफूट, पाणी निघून जाते. इथवर सोपे असते. खरी गंमत पुढच्या प्रश्नात आहे: जिथे पात्र अरुंद झाले आहे, तिथे काय होईल? बारावीत नळीतल्या प्रवाहाचे सातत्याचे समीकरण शिकलेले असते, त्यामुळे उत्तर ताबडतोब येते की रुंदी निम्मी झाली म्हणजे वेग दुप्पट. "मग पाणी वर का चढतं?" असे त्या भागात राहणाऱ्या एका मुलाने विचारले. त्याच्या घराच्या जिन्याच्या चौथ्या पायरीपर्यंत पाणी आले होते. नळीला वरून झाकण असते, नदीला नसते. पात्र आवळले की त्या चिंचोळ्या जागेतून तेवढेच पाणी ढकलायला मागे पातळी वाढावी लागते, आणि ते पाणी घरांत शिरते. समीकरण खोटे नाही, पण "नळी भरलेली आहे आणि तिचा छेद ठरलेला आहे" ही त्यातली न लिहिलेली अट कोणी वाचलीच नव्हती. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटले, त्या दिवसाच्या आठवणी पेठांमधल्या घरांत अजून आहेत; अनेक मुले हा प्रश्न घेऊन आजी-आजोबांकडे गेली, आणि पाणी कुठवर आले होते हे मजल्यांच्या आणि कोनाड्यांच्या मापाने लिहून आणले.

एक गोष्ट इथे सांगितली पाहिजे. कनिष्ठ महाविद्यालयात विज्ञान इंग्रजीतून शिकवले जाते आणि मराठी शाळेतून आलेली मुले अकरावीत गप्प होतात. अशा प्रश्नांच्या तासाला मात्र गटांतली बोलणी आपोआप मराठीत सुरू होतात, आणि ती मी थांबवत नाही. "सोडून देऊ या का हे?" "नको, याचा फरक पडतोय." हे आधी मराठीत ठरू द्यावे, इंग्रजीत लिहायला नंतर अर्धा तास पुरतो.

पालकांचा आक्षेप मला माहीत आहे आणि तो खोटा नाही. सीईटीत भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र मिळून शंभर प्रश्न नव्वद मिनिटांत सोडवायचे असतात, म्हणजे एका प्रश्नाला चोपन्न सेकंद. तिथे थांबून विचार करणारा मागे पडेल, असे एका आईने मला काळजीने विचारले होते. मी तिला सांगितले की चोपन्न सेकंदांचा सराव मीही करून घेते, आठवड्यातले बाकीचे सगळे तास त्यासाठीच असतात; पंधरवड्यातून फक्त दोन तास मला द्या. त्या दोन तासांसाठी वहीत डाव्या पानावर दोन रकाने असतात, "काय धरले" आणि "काय सोडले", आणि प्रत्येक नोंदीपुढे कारण लिहावे लागते. गुण उत्तराला नाहीत, कारणाला आहेत. सुरुवातीला रकान्यांत "सरावासाठी" किंवा "पुस्तकात असते म्हणून" अशी कारणे येतात. दिवाळीनंतर ती हळूहळू बदलू लागतात. सगळ्यांची बदलत नाहीत.

गेल्या वर्षी ट्रकच्या प्रश्नाचा शेवट त्या मुलीने स्वतः काढला. ब्रेक गेलेच, तर ट्रक थांबवायला बाजूला चढणीचा रस्ता किती लांब हवा, असे तिने विचारले. वेग ताशी नव्वद धरला, म्हणजे सेकंदाला पंचवीस मीटर, आणि चढण दहात एक. नुसत्या चढणीवर ट्रक ३१२ मीटर जाऊन थांबतो. तळाशी खोल खडी टाकली आणि तिचा विरोध वजनाच्या वीस टक्के धरला, तर शंभराच्या थोडे पुढे. "तीनशे बारा म्हणजे किती, ते बघू या," असे म्हणून ती उठली आणि अख्खा वर्ग तिच्यामागे मैदानात गेला. पाऊलभर मापाने ती चालत होती आणि एक मुलगा मोठ्याने आकडे म्हणत होता. दीडशेच्या आतच मैदानाची भिंत आली. ती तिथे क्षणभर थांबली, वळून फाटकातून बाहेर पडली आणि फुटपाथवरून पुढे मोजत निघाली. आम्ही सगळे तिच्या मागे होतो, आणि वहीत "काय सोडले" या रकान्यात तिने आधीच लिहून ठेवले होते: "टायरचा विरोध. कारण तो सोडला तर रस्ता गरजेपेक्षा जास्त लांब निघेल, आणि इथे चूक व्हायचीच असेल तर याच बाजूने व्हायला हवी."